वीस फेऱ्या

"किती झाल्या?" जीपखालून आवाज आला.

"सहा," मी म्हणालो.

"सावकाश फिरव. चाक हाय ते, रहाट न्हवं."

बाबालालचाचा जीपखाली उताणा झोपला होता. डोळे मिटलेले, शाफ्टवर खडूची खूण आणि त्या खुणेवर त्याचं बोट. मी पुढच्या चाकाशी उकिडवा. माझं काम सोपं होतं. टायरवरची खडूची रेघ वर आली की एक फेरी, आणि ती मोठ्यानं म्हणायची. एक चाक जमिनीवर, एक जॅकवर. जॅकवरचं चाक वीस वेळा फिरवायचं आणि तेवढ्यात मधला शाफ्ट किती फिरला ते चाचा मोजणार. त्यावरून हौसिंगच्या, चाकांमधल्या लोखंडी डब्याच्या, आतल्या क्राउनला म्हणजे मोठ्या दातेरी चक्राला किती दात आहेत ते तो सांगणार, एक नटसुद्धा न खोलता. कराडपासून चिपळूणपर्यंत ही कला दुसऱ्या कुणाला येत नव्हती. बाकीचे सरळ हौसिंग उघडायचे, तेल सांडायचे आणि बोटानं दात मोजायचे. चाचा त्यांना 'दातांचे डॉक्टर' म्हणायचा.

"सात," मी म्हणालो. "आयला, नाकावर माशी बसली."

आणि माशीच्या नावाखाली चाक आणखी एकदा फिरवलं. आठ म्हटलं ती खरी नववी फेरी होती.

चौदाव्या फेरीला मी शिंकलो. मोठी, दोन हप्त्यांची शिंक. तिच्यात आणखी एक फेरी गेली.

"वीस!"

चाचानं खडूच्या खुणेवरून बोट उचललं. मग म्हणाला, "पावणेचोपन्न."

मी तोंडावर हात दाबून धरला. हसू नाकातून बाहेर पडत होतं.

आता मी कसला माणूस होतो ते सांगायला पाहिजे. पंचविशी उलटली होती, लग्न झालं होतं, तरी खोडी काढल्याशिवाय मला जेवण जात नसे. एका लग्नाच्या जीपचा हॉर्न मी ब्रेकला जोडला होता. नवरदेव प्रत्येक खड्ड्याला बोंबलत मांडवात पोचला. गिऱ्हाइकाच्या चहात साखरेऐवजी मीठ घालणं वगैरे तर रोजचंच. फाट्यावर 'शिरपा' म्हटलं की लोक आधी हसायचे आणि मग आपले खिसे चाचपायचे. चाचा एकटा असा की कधी फसायचा नाही. सात वर्षं त्याच्या गॅरेजात होतो, सात वर्षांत एकदाही नाही. स्पॅनर लपवला तर डब्यात बघून म्हणायचा, "चौदाचा न्हाई. काढ." त्याच्या डोक्यात सगळ्याची मोजदाद असायची. म्हणून त्याला मोजण्यातच फसवायचं, ही माझी हौस.

जीप होती भागोजी झोऱ्याची. वर पठारावर त्याचा धनगरवाडा, बावीस घरं. मार्च उजाडला की तिथलं पाणी संपायचं आणि बायका दीड कोस खाली झऱ्यावर यायच्या. भागोजीनं लष्कराच्या लिलावातली एक फोर बाय फोर जीप उचलली होती आणि हजार लिटरची टाकी बसवलेली एक ट्रॉली करून घेतली होती. झऱ्यावर भरायची, जीपला जोडायची आणि वर न्यायची. पण वाटेत घोडीच्या चढावर, उघड्या कातळाच्या सड्यावर, दगड जीपच्या पोटाला लागायचे, म्हणून कुणाकडून तरी त्यानं कमानींना दोन-दोन पाटे वाढवून घेतले. गाडी वीतभर उंच झाली. आता त्याला टायर पाहिजे होते. मोठे. असतील त्यात सगळ्यांत मोठे.

"ट्रॅक्टरचं बसत्याल का वो?" त्यानं सकाळी विचारलं होतं.

"इमानाचं बसवू की," चाचा म्हणाला. "भागोजी, डोक्यावर दाण्याचं पोतं घिऊन घोडीचा चढ चढताना तू लांब टांगा टाकतोस का बारकी पावलं?"

"बारकी."

"मग? टायर मोठा केलास की गाडीचं पाऊल लांब झालं. एका फेरीत जास्त वाट. सपाटीला मज्जा. पण मागं हजार लिटर पानी आन वर चढ, तितं इंजिन जीव सोडतंय. साडेसात-सोळाचे घे, बास. नांगरी पट्टीचे नकोत, खडकावर त्ये घसरत्यात. मध्यम गोट्याचे बघ. आन टायर जेवढा वाढला तेवढं पाऊल आतनं बारीक करायचं. त्यासाठी क्राउन बदलावं लागतंय. म्हागं-म्होरं दोन्ही, सारखंच."

"सारखंच कशापायी?"

"दोन बैल एका जुवाला. एकानं लांब टाकलं, एकानं बारीक, तर जू मोडंल का न्हाई?"

मग चाचा मागं जाऊन वाकला आणि ट्रॉलीचा हूक बघून त्यानं कपाळाला हात लावला. "आन ह्यो बघ शहाणपणा. गाडी उचलली, हूक बी वर गेला. ट्रॉलीचं तोंड आभाळाकडं. सगळं पानी म्हागं जाणार, आन गाडीचं बूड उचलणार. हूक वीतभर खाली घ्यावा लागंल."

तर असं सगळं ठरलं, आणि आता आधी कुठलं क्राउन आहे ते बघायला तो गाडीखाली गेला होता. मागचं मी इमानानं वीस वेळा फिरवलं. उत्तर आलं पावणेएकोणपन्नास. "आठ-एकोणचाळीस," चाचा लगेच म्हणाला. म्हणजे लहान गिअरला आठ दात, मोठ्याला एकोणचाळीस. आणि मग पुढचं, जे मी बावीस फिरवलं.

माझा बेत साधा होता. आकडा कशातच बसणार नाही, चाचा डोकं खाजवेल, परत मोजायला लावेल, परत मी दोन ढकलेन, आणि शेवटी तो हात जोडेल. मग मी टाळी देणार. पण माझं नशीब बघा. एक फेरी जास्त फिरवली असती तर त्या जीपांत नसलेला आकडा आला असता. तीन फिरवल्या असत्या तरी तेच. मी नेमक्या दोन फिरवल्या.

चाचा खालून सरपटत बाहेर आला. चेहऱ्यावर उजेड.

"भागोजी, तुझं नशीब. म्होरलं आठ-त्रेचाळीस हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे जे घालायचं त्येच आदीच हाय. लिलावाची गाडी. कुणाचं म्होरलं, कुणाचं म्हागलं, जोडून दिलीया. आता म्हागलं तेवढं बदलायचं." मग थोडा थांबून, "आयला, पर फोर बाय फोर घातल्यावर आडत न्हवती का?"

"म्या कवा घातलीच न्हाई," भागोजी म्हणाला. "ती दांडी गंजून बसलीया."

"मग बरुबर."

झालं. सगळं जुळलं. मी ताडपत्रीवर बसून वाट बघत होतो की आता टाळी कुठं द्यावी. तेवढ्यात चाचानं हात पुसता पुसता भागोजीला सांगायला सुरुवात केली.

"माझा बाप नालबंद. अख्ख्या तालुक्याचे बैल त्याच्या हाताखालनं गेले. पर साठी लागली आन त्याचं मोजणं गेलं. बैलाच्या तीन पायांना पत्र्या ठोकायचा आन सोडून द्यायचा, म्हणायचा झालं. लोक हसायचे. मग एक दिस घरातली पोरं मोजायला लागला आन म्हणाला, एक कमी हाय. कमी कुणीच न्हवतं. मला आता सत्तावन्न. रोज सकाळी फाट्यावर बसून गाड्यांचे नंबर पाठ करतो आन रातच्याला म्हणून बघतो. घरवाली हलिमा वहीत लिवते. आजपातुर एक बी चुकला न्हाई."

त्याच्या आवाजात असं काही होतं की माझी टाळी हातातच राहिली. आत्ता सांगितलं तर भागोजीसमोर त्याचा पाणउतारा. म्हटलं, गिऱ्हाईक जाऊ दे. भागोजी काही जाईना, चहावर चहा. इकडं मला दुपारची यष्टी गाठायची होती, सासुरवाडीची यात्रा होती. नव्या क्राउनचा सेट यायला नेहमी आठ दिवस लागायचे. मी तिसऱ्या दिवशी परत येणार. म्हटलं, आल्यावर सांगू. तेवढीच मजा मुरंल. यष्टीत बसल्यावर मी एकटाच हसत होतो. शेजारच्या बाईनं पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली.

यात्रेत तमाशा होता, मटण होतं. तिसऱ्या दिवसाचा चौथा झाला.

चौथ्या दिवशी सकाळी नऊला मी फाट्यावर उतरलो. गॅरेजसमोर जीप नव्हती. चाचा पिंपावर बसून विडी ओढत होता, अगदी खुशीत.

"जीप कुठंय?"

"गेली की वर. तासभर झाला. टाकी भरून गेली."

"आन सेट?"

"उद्यमनगरच्या बाजारात पयल्याच दुकानात घावला. तू न्हाईस, मग मीच बसवला. बायका म्हण हंड्याला रांग लावून बसल्यात, कुटं आठ दिस थांबवायचं? ती दांडी बी मोकळी केली. वढ्याच्या वाळूत फोर बाय फोर घालून बघितली, लोण्यावाणी पळाली."

मागं आता त्रेचाळीस दात होते, पुढं एकोणचाळीसच. वाळूत पळणारच. वाळूत चाकं घसरतात, एकमेकांचं सोसतात. सड्याच्या खडकावर चाक घसरत नाही. तिथं पुढचं चाक एका चालीनं जाणार, मागचं दुसऱ्या, आणि दोघांच्या मध्ये काहीतरी मोडणार. हे मला त्याच माणसानं शिकवलं होतं.

"मी जरा बघून येतो," मी म्हणालो. "चढाला कशी वढतीय ते."

"थांब, मी बी येतो."

त्याची राजदूत काढली. मी चालवतोय, मागं चाचा. घोडीच्या चढापर्यंत सात किलोमीटर. सात किलोमीटर म्हणजे किती वेळ! एक वाक्य बोलायला एवढा वेळ कुणाला मिळतो? आणि मागं बसलेला माणूस समोरून येणाऱ्या गाड्यांचे नंबर म्हणत होता. "आट्ट्याहत्तर बारा. पंचावन्न शून्य तीन. शिरपा, ही दुधाची न्हवं का? कालच्यापरास तीन मिनिटं उशिरा हाय." मी दोनदा तोंड उघडलं. दोनदा वारा आत गेला. मनात म्हणत होतो, भागोजीनं दांडी टाकली नसेल. अजून खाली असेल. गाठू आणि थांबवू. मग सावकाश, हसत हसत सांगू.

चढाच्या वळणावर आधी पाणी दिसलं. खडकावरून ओघळत खाली येत होतं, तांबडं झालेलं. मग ट्रॉली दिसली, आडवी. टाकी फुटलेली. जीप तिरकी होऊन एका मोठ्या धोंड्याला टेकलेली, तिचा पुढचा शाफ्ट तुटून खाली लोंबत होता आणि गिअरच्या पेटीतून तेल टपकत होतं. वर वाड्यातल्या बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. एक म्हातारी खाली बसून लुगड्याचा पदर त्या ओघळात भिजवत होती आणि लोट्यात पिळत होती.

भागोजी खडकावर बसला होता. उडी मारताना गुडघा फुटला होता.

"दांडी टाकली आन चार कासरं गेली," तो म्हणाला. "मग अशी थरथरायला लागली, अंगात देव आल्यावानी. आन मग फाडकन्."

चाचा लोंबणाऱ्या शाफ्टजवळ गेला, हात लावला आणि उभाच राहिला. मग मला म्हणाला, "गाडी खाली न्यायची. म्होरलं हौसिंग उघडायचं."

दुसऱ्या गाडीनं ओढून जीप गॅरेजात आणेपर्यंत दुपार झाली. मीच नट खोलले. झाकण निघालं, तेल वाहून गेलं. चाचानं चिंधी घेतली, क्राउन पुसलं, एका दाताला खडू लावला आणि बोटानं मोजायला सुरुवात केली. ओठ हलत होते. एक फेरी पुरी झाली. परत सुरुवातीपासून मोजले. तिसऱ्यांदा मोजताना त्यानं माझ्याकडं बघितलं.

"तू मोज."

मी मोजले. मला ते मोजायची गरज नव्हती.

"एकोणचाळीस," मी म्हणालो.

भागोजी दारात होता, त्याच्याबरोबर वाड्यातली चार माणसं. एकाच्या हातात कुऱ्हाड, तशीच रानातून आलेली. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की त्या कुऱ्हाडीची भीती वाटली. आता वाटतं, नाही. मला भीती चाचाच्या तोंडाची वाटली.

भागोजीच चाचाला म्हणाला, "जाऊ द्या मुलाणीभाऊ. व्हतं कवातरी. मानूस वाचलं न्हवं?"

चाचानं हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला. मग अगदी हळू, भागोजीला ऐकू जाणार नाही असं मला विचारलं. संशयानं नाही, एखाद्यानं आपली जुनी चिठ्ठी शोधावी तसं.

"शिरपा, तू वीसच फिरवलंस न्हवं?"

सगळं तिथं होतं. एका शब्दाचं काम होतं. त्यानं मला एक कानाखाली मारली असती, भागोजीनं दोन. आठवडाभर फाट्यावर तोंड दाखवता आलं नसतं. एवढंच.

"वीसच, चाचा," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. म्हणाला, "मग बरुबर."

जीप आम्ही पंधरा दिवसांत नीट करून दिली, चाचानं स्वतःच्या खर्चानं गिअरची दुसरी पेटी घातली. पुढचं क्राउन बसवताना मात्र तो हौसिंगकडं आलाच नाही. त्यानं मला दात मोजायला लावले, भागोजीला मोजायला लावले, रस्त्यावरच्या एका मास्तराला बोलावून मोजायला लावले. ती जीप पुढं नऊ वर्षं त्या चढानं पाणी वाहत होती. गाडी अशी जमली होती की लांबून लांबून लोक बघायला यायचे.

चाचा गॅरेजात येत राहिला, पण बसायला. नट किती खोलले ते मला विचारायचा. चहाचे पेले मला मोजायला सांगायचा. सकाळी फाट्यावर बसणं बंद झालं. कुणी म्हटलं की चाचा, गाडीखाली जाऊन तेवढं सांगा की, तर म्हणायचा, "शिरपाला सांग. त्याचं डोकं ताजं हाय." दोन वर्षांनी त्यानं किल्ल्या माझ्या हातात दिल्या. पाटीवर माझं नाव आलं. माझ्या खोड्या कधी थांबल्या ते माझ्याही ध्यानात आलं नाही. लोक म्हणायचे, मालक झाला आणि शहाणा झाला.

अकरा वर्षं गेली. मग एकदा माझ्या गॅरेजातल्या कामगारानं मला फसवलं. ग्रीसच्या डब्यात गुलकंद भरून ठेवला होता. सगळे हसले, मीही हसलो. आणि हसता हसता उठून सरळ चाचाच्या घरी गेलो. का, ते विचारू नका. पाय गेले.

तो ओट्यावर बसून शेंगा फोडत होता. अडुसष्ट वर्षांचा. हात तसेच, दणकट.

"चाचा," मी म्हणालो, "झोऱ्याची जीप. म्होरलं चाक मी वीस न्हाई, बावीस फिरवलं होतं. खोडी म्हणून. तुमचं मोजणं बरुबर होतं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. शेंग हातात तशीच. आणि मग हसला. इतक्या वर्षांत त्याला असं हसताना मी बघितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"हलिमा," त्यानं आत हाक मारली, "ऐकलंस का? शिरप्या बघ काय म्हणतोय. बावीस म्हणं!"

"खरं सांगतोय, चाचा. सातव्याला माशी आन चौदाव्याला शिंक."

"माशी!" तो आणखी हसला. "आरं, तू किती लबाड हायस ते मला ठावं हाय. सगळ्या जन्मात लोकांची हाडं मोकळी केलीस. आज पयल्यांदा कुणाच्या भल्यासाठी थाप मारलीस. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून. बरं वाटलं बघ."

"थाप न्हाई वो. आत्ता चला गॅरेजात. एक जीप उभी हाय. जॅक लावतो, चाक फिरवतो, तुम्ही खाली झोपा. बघा बरुबर येतंय का न्हाई."

त्याचं हसू हळूहळू ओसरलं. त्यानं माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

"आन मोजणार कोण?" तो म्हणाला.

मशिदीतून असरची, तिसऱ्या प्रहरची, अजान झाली. तो उठला, हात झटकले आणि आत गेला. मी तिथंच बसलो. थोड्या वेळानं हलिमाचाची उंबऱ्यावर आली. ती कधी माझ्याशी फार बोलली नव्हती.

"खरं का रं?"

"खरं, चाची."

ती दाराला टेकली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अकरा वरसं झाली," ती म्हणाली, "मशिदीत जात न्हाईत. म्हणत्यात, चार लोकांत नमाजाची रकात, उठायबसायची फेरी, चुकली तर हसं व्हईल, बापाचं झालं तसं. घरीच नमाज पढत्यात. मी माझी आधी उरकते आन त्यांच्या म्हागं बसते. एक रकात झाली की खाकरते, दुसरी झाली की खाकरते. म्हंजे त्यांना कळावं." तिनं आत बघितलं. "एकदा बी चुकलेलं मी बघितलं न्हाई, शिरपा. एकदा बी."

"मग सांगा की त्यांना, चाची. तुमचं ऐकतील."

"लई येळा सांगितलं. म्हणत्यात, तू खाकरतीस म्हणून चुकत न्हाई."

आतून आवाज आला, "हलिमा, बसलीस का?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मग पदर डोक्यावर ओढून घेतला.

"बसले," ती म्हणाली आणि आत गेली.

मी उठून चपला पायांत सरकवल्या. अंगणात पोचलो तोवर आतून खाकरल्याचा आवाज आला. एकदा. मी तिथंच उभा राहिलो, दुसऱ्याची वाट बघत.